व्हीबी ६ च्या डीएलएलमधून रिस्पॉन्स आणि सेशन हाती लागत नाहीत: समस्या निवारण

व्हिज्युअल बेसिक ६ (व्हीबी ६) मध्ये बांधलेली डीएलएल, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामने वापरायची कंपाइल केलेली कोडची फाइल, आणि तिला बोलावणारी क्लासिक एएसपीची, म्हणजे सर्व्हरवर वेबपाने तयार करणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या तंत्राची, पाने ही जोडी आजही अनेक कार्यालयांच्या अंतर्गत जाळ्यावर रोजचे काम उरकत आहे. पान नावापुरते असते. हिशोब, पावत्या आणि अहवाल यांची खरी करामत डीएलएलच्या पोटात असते. यातल्या कित्येक डीएलएल स्वतःच सेशनमधून (वापरकर्त्याच्या भेटीपुरत्या साठवणीतून) वापरकर्त्याचे नाव वाचतात, रिक्वेस्टमधून (ब्राउझरच्या विनंतीतून) अर्जातील रकाने उचलतात आणि रिस्पॉन्सवर (ब्राउझरला जाणाऱ्या उत्तरावर) थेट एचटीएमएल लिहितात. वर्षानुवर्षे हे सुरळीत चालते. मग एक दिवस सर्व्हर बदलला जातो किंवा डीएलएल नव्याने कंपाइल होते, आणि रिस्पॉन्सचा पत्ताच लागत नाही. सर्व्हर स्थलांतराच्या कामात हा बिघाड मी इतक्या वेळा दुरुस्त केला आहे की तपासणीचा क्रम आता ठरून गेला आहे. तोच येथे मांडतो.

तपासणीपूर्वी एक गोष्ट समजून घेणे आवश्यक आहे. रिक्वेस्ट, रिस्पॉन्स, सेशन, ॲप्लिकेशन आणि सर्व्हर ही पाच ऑब्जेक्ट एएसपीची आहेत, डीएलएलची नाहीत. कंपाइल झालेल्या घटकाला, म्हणजे डीएलएलमधील क्लासला, ती आपोआप दिसत नाहीत. ज्या पानाने त्याला बोलावले, त्या पानाच्या कॉन्टेक्स्टमधून, म्हणजे चालू विनंतीच्या संदर्भातून, ती मागून घ्यावी लागतात. मागण्याच्या दोन रीती आहेत. १९९६ च्या अखेरीस आयआयएस (मायक्रोसॉफ्टचा वेब सर्व्हर) ३ बरोबर एएसपी आली तेव्हाची रीत म्हणजे घटकात ऑनस्टार्टपेज नावाची पद्धत (मेथड) लिहायची आणि एएसपी तिच्या हाती जे स्क्रिप्टिंगकॉन्टेक्स्ट देईल ते जपून ठेवायचे. १९९७ च्या आयआयएस ४ पासून ट्रान्झॅक्शन सर्व्हर, म्हणजेच विंडोज २००० मधील कॉम प्लस ही घटक सांभाळणारी सेवा, जोडीला आला आणि गेटऑब्जेक्टकॉन्टेक्स्ट या फंक्शनमधून हवे ते ऑब्जेक्ट नावाने मागता येऊ लागले. दुसरी रीतच योग्य मानली गेली, तरी जुन्या कोडमध्ये दोन्ही सापडतात. पुढचा मुख्य बिघाड म्हणजे पानापासून घटकापर्यंत येणारा हा कॉन्टेक्स्ट कुठेतरी तुटणे होय, आणि तो कुठे तुटला हे कळण्यापूर्वी कोडला हात लावू नये.

लक्षणे

सर्वाधिक दिसणारे लक्षण म्हणजे त्रुटी ९१, म्हणजे ऑब्जेक्ट ठेवायच्या व्हेरिएबलमध्ये काहीच नाही. घटक तयार होतो, पद्धत सुरू होते आणि रिस्पॉन्सवर पहिली ओळ लिहिताना काम थांबते. हाच या लेखाचा मुख्य विषय आहे.

दुसरे लक्षण त्रुटी ४२९ किंवा एएसपी ०१७७ असे दिसते. येथे घटक तयारच होत नाही, त्यामुळे कॉन्टेक्स्टचा प्रश्न अजून उपस्थितच झालेला नसतो. तरीही लोक या दोन्हींची गल्लत करतात आणि नोंदणीच्या बिघाडावर कोड बदलत बसतात. एएसपी ०१७८ किंवा ८००७०००५ हा क्रमांक दिसला तर प्रश्न परवानगीचा आहे.

तिसरे लक्षण अधिक फसवे असते. कोणतीही त्रुटी येत नाही, सेशन मिळते, पण ते रिकामे असते. किंवा सकाळी भरलेले आणि दुपारी रिकामे असते. चौथ्यात पान नुसते फिरत राहते आणि उत्तर येत नाही. पाचवे आपल्याकडच्या संकेतस्थळांवर विशेष आढळते: रिस्पॉन्स मिळतो, इंग्रजी मजकूर नीट उमटतो आणि मराठीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग लागते.

आधी खरी त्रुटी वाचा

आयआयएस ७ पासून एएसपीची त्रुटी ब्राउझरकडे पाठवली जात नाही. वापरकर्त्याला केवळ ५०० हा क्रमांक दिसतो. त्यावरून काहीच ठरवता येत नाही. चाचणीच्या सर्व्हरवर आयआयएस मॅनेजरमधील एएसपीच्या विभागात त्रुटी ब्राउझरकडे पाठवण्याचा पर्याय तात्पुरता चालू करावा आणि काम झाल्यावर बंद करावा, कारण त्या संदेशात फाइलचे पूर्ण मार्ग आणि ओळ क्रमांक उघड होतात.

चालू सर्व्हरवर सेटिंग बदलायचे नसेल तर आयआयएसचा लॉग उघडावा. एएसपी आपली त्रुटी त्या विनंतीच्या ओळीतच, जिथे एरवी पत्त्यातील प्रश्नचिन्हापुढचा भाग असतो त्या रकान्यात, उभ्या रेघांमध्ये लिहून ठेवते: आधी पानातील ओळ क्रमांक, मग सोळा आधारी त्रुटी क्रमांक, मग अधोरेखांनी जोडलेला संदेश. त्या क्रमांकाची शेवटची चार स्थाने पाहावीत. ८००ए००५बी म्हणजे ९१, ८००ए०१एडी म्हणजे ४२९ आणि ८००ए००४६ म्हणजे ७०, परवानगी नाकारल्याची त्रुटी. एवढ्या एका ओळीवरून पुढचा अर्धा मार्ग ठरतो. लॉगमधील वेळ डब्ल्यूथ्रीसी स्वरूपात जागतिक प्रमाणवेळेनुसार असते, म्हणून दुपारी साडेतीनला आलेली तक्रार सकाळी दहाच्या नोंदींत शोधावी.

घटक तयार होतो का, हे वेगळे पाहा

कॉन्टेक्स्टला अजिबात स्पर्श न करणारी एखादी पद्धत घटकात असेल तर तीन ओळींचे पान लिहून फक्त ती बोलवावी. मी ज्या घटकांवर काम करतो त्या प्रत्येकात आवृत्ती नावाची अशी एक पद्धत घालतो. ती डीएलएलचा आवृत्ती क्रमांक परत करते, दुसरे काही करत नाही. पानावर क्रमांक उमटला तर नोंदणी, परवानगी आणि बिट यांचा निकाल एका फटक्यात लागतो. शिवाय सर्व्हरवर नेमकी कोणती डीएलएल चालू आहे हेही कळते, आणि बऱ्याचदा ती आपण समजतो ती नसतेच.

क्रमांक उमटला नाही तर प्रथम बिट तपासावेत. व्हीबी ६ फक्त ३२ बिट डीएलएल बनवते, तर विंडोज सर्व्हर २००८ आर२ पासून सर्व्हर केवळ ६४ बिट स्वरूपातच मिळतात. ६४ बिट प्रक्रियेत ३२ बिट डीएलएल भरता येत नाही. म्हणून त्या संकेतस्थळासाठी स्वतंत्र ॲप्लिकेशन पूल (संकेतस्थळे चालवणाऱ्या प्रोसेसचा गट) करून त्यात ३२ बिट ॲप्लिकेशन्स चालवण्याचा पर्याय चालू करावा. स्वतंत्र अशासाठी की हा पर्याय संपूर्ण पूलला लागू होतो आणि त्याच पूलमधील दुसऱ्या संकेतस्थळाचे ६४ बिट घटक त्यामुळे बंद पडतात. नोंदणी सिसवॉव६४ या फोल्डरमधील रेगसर्व्हर३२ ने करावी. नाव उलटे वाटले तरी ३२ बिट साधने त्याच फोल्डरमध्ये असतात. सिस्टिम३२ मध्ये ६४ बिट असतात.

त्यानंतर परवानगी. एएसपी अनामिक वापरकर्त्याच्या वतीने, म्हणजे बहुधा आययूएसआर या खात्याच्या नावाने, घटक तयार करते. त्या खात्याला आणि पूलच्या खात्याला डीएलएल असलेल्या फोल्डरवर वाचणे व चालवणे एवढाच अधिकार द्यावा. येथे अनेक जण पूललाच प्रशासकाचे खाते देऊन मोकळे होतात. बिघाड त्याने दिसेनासा होतो हे खरे, पण त्या क्षणापासून पानातील प्रत्येक चूक प्रशासकाच्या अधिकाराने चालते. ही दुरुस्ती नव्हे, आणि मी ती कोणालाही करू देत नाही.

सेशन मिळते, पण रिकामे

हे तपासायला काही खर्च येत नाही. पानाच्या पहिल्या ओळीत सेशन बंद ठेवण्याची सूचना आहे का ते पाहावे. वेग वाढवण्यासाठी कुणीतरी ती घातलेली असते आणि मग डीएलएललाही सेशन मिळत नाही. दुसरे म्हणजे लॉगिनचे पान आणि डीएलएल बोलावणारे पान आयआयएसमध्ये एकाच ॲप्लिकेशनखाली आहेत का ते पाहावे. स्थलांतर करताना एखादा उपफोल्डर चुकून स्वतंत्र ॲप्लिकेशन म्हणून नोंदला गेला, तर त्याचे सेशन वेगळे होते आणि लॉगिनचे नाव पलीकडच्या सेशनमध्येच राहते. तिसरे म्हणजे वापरकर्ता लॉगिन आयपी पत्त्याने करतो आणि पुढचा दुवा सर्व्हरच्या नावाने जातो, असे होत नाही ना? सेशनची कुकी पत्त्यातील नावाला बांधलेली असते. नाव बदलले की ती पाठवली जात नाही.

सेशन मधूनच नाहीसे होत असेल तर पूलमधील वर्कर प्रोसेसची (पाने प्रत्यक्ष चालवणाऱ्या प्रोसेसची) कमाल संख्या पाहावी. क्लासिक एएसपी सेशन त्या प्रोसेसच्या मेमरीत ठेवते, दुसरीकडे कुठेही नाही. ही संख्या एकापेक्षा अधिक असेल तर एक विनंती एका प्रोसेसकडे आणि पुढची दुसरीकडे जाते, आणि सेशन कधी भरलेले तर कधी रिकामे दिसते. संख्या एक असूनही तक्रार येत असेल तर पूल ठरावीक काळाने नव्याने सुरू होण्याचे सेटिंग पाहावे. मूळ मूल्य १७४० मिनिटे, म्हणजे २९ तास असते. त्यामुळे हा प्रसंग दर खेपेला पाच तास पुढे सरकतो आणि कुणाला त्याची संगती लागत नाही. ते काढून रात्रीची ठरावीक वेळ द्यावी.

मराठीऐवजी प्रश्नचिन्हे

प्रश्नचिन्हे दोन वेगवेगळ्या ठिकाणी तयार होतात आणि त्यांवरचे उपाय एकमेकांना लागू पडत नाहीत, म्हणून आधी ठिकाण शोधावे. व्हीबी ६ चालू असताना मजकूर युनिकोडमध्येच ठेवते, परंतु त्याचा संपादक युनिकोड जाणत नाही. देवनागरीला विंडोजमध्ये जुनी कोडपेज, म्हणजे अक्षरांच्या क्रमांकांची सारणी, नाही, त्यामुळे कोडमध्ये अवतरणात लिहिलेले मराठी शब्द संपादकातच प्रश्नचिन्हे होऊन बसतात आणि डीएलएलमध्ये तीच कंपाइल होतात. दुसरे ठिकाण म्हणजे बाहेर पडण्याची वाट: रिस्पॉन्सचे कोडपेज ६५००१, म्हणजे यूटीएफ-८ नसेल, तर घटकाने दिलेला शुद्ध मराठी मजकूरही लिहिताना मोडतो.

ओळखायची युक्ती सोपी आहे. मजकुरातील पहिल्या अक्षराला ॲस्कडब्ल्यू हे फंक्शन लावून मिळणारा आकडा पानावर छापावा. ‘म’ साठी २३५० यायला हवा. देवनागरीचा सारा पट्टा २३०४ ते २४३१ असा आहे. आकडा ६३ आला तर ते अक्षर डीएलएलच्या आतच प्रश्नचिन्ह झालेले आहे, आणि मग मजकूर डेटाबेसच्या युनिकोड रकान्यात हलवण्यावाचून किंवा अक्षरे क्रमांकाने जोडण्यावाचून इलाज नाही. आकडा २३५० असूनही पानावर प्रश्नचिन्ह दिसत असेल तर पानाच्या सुरुवातीला, काहीही लिहिले जाण्यापूर्वी, रिस्पॉन्सचे कोडपेज ६५००१ करावे आणि कॅरसेटही यूटीएफ-८ सांगावा.

पान घटक कसा तयार करते

आता मुख्य बिघाडाकडे वळू. पानात सर्व्हर.क्रिएटऑब्जेक्ट आहे की नुसते क्रिएटऑब्जेक्ट, हे पाहायला मिनिटभर लागते. घटकात ऑनस्टार्टपेज असेल तर हा फरक निर्णायक ठरतो, कारण नुसत्या क्रिएटऑब्जेक्टने घटक तयार झाल्याचे एएसपीला कळत नाही आणि ती ऑनस्टार्टपेज बोलावत नाही. परिणामी स्क्रिप्टिंगकॉन्टेक्स्ट कधी येत नाही आणि त्रुटी ९१ मिळते. जिथे जिथे घटक तयार होतो तिथे सर्व्हर.क्रिएटऑब्जेक्ट लिहावे. इतर पानांत समाविष्ट होणाऱ्या फाइलीही तपासाव्यात. बहुधा दोष तिथेच दडलेला असतो.

त्याच वेळी घटक सेशनमध्ये ठेवला जात नाही ना, हेही पाहावे. व्हीबी ६ चा घटक अपार्टमेंट प्रकारचा असतो, म्हणजे ज्या थ्रेडवर (प्रोसेसमधील कामाच्या धाग्यावर) तयार झाला त्यावरच चालतो, आणि तो सेशनमध्ये ठेवला की त्या वापरकर्त्याच्या सगळ्या विनंत्या एकाच थ्रेडला बांधल्या जातात. ॲप्लिकेशनमध्ये ठेवू पाहिल्यास एएसपी ०१९७ ही त्रुटी देऊन तसे करू देत नाही. शिवाय घटकाने पहिल्या विनंतीच्या वेळी मिळालेला रिस्पॉन्स आपल्या व्हेरिएबलमध्ये धरून ठेवला असेल, तर पुढच्या विनंतीत त्याला काही अर्थ उरत नाही. प्रत्येक पानावर घटक नव्याने तयार करून पानाच्या शेवटी सोडून द्यावा.

ॲक्टिव्हेट बोलावली जाते का

माझ्या अनुभवात स्थलांतरानंतरच्या त्रुटी ९१ चे सर्वांत मोठे कारण हे आहे, म्हणून येथे जरा थांबून पाहू.

गेटऑब्जेक्टकॉन्टेक्स्ट क्लास इनिशियलाइझमध्ये (घटक तयार होतानाच चालणाऱ्या कोडमध्ये) बोलावू नये, हा नियम जुन्या मंडळींना ठाऊक होता, कारण त्या क्षणी घटक अजून कॉन्टेक्स्टमध्ये बसलेला नसतो. म्हणून त्यांनी क्लासमध्ये ऑब्जेक्टकंट्रोल हा इंटरफेस घेतला आणि त्याच्या ॲक्टिव्हेट या पद्धतीत रिस्पॉन्स, सेशन वगैरे मागून क्लासच्या व्हेरिएबलमध्ये ठेवले. हे सर्वस्वी योग्य होते. पण ॲक्टिव्हेटला बोलावते कोण? एएसपी नव्हे आणि व्हीबीही नव्हे, तर कॉम प्लस. आणि तेही घटक कॉम्पोनंट सर्व्हिसेस या कॉम प्लसच्या व्यवस्थापन साधनातील एखाद्या ॲप्लिकेशनमध्ये बसवलेला असेल तरच.

जुन्या सर्व्हरवर तो तसा बसवलेला होता. नव्या सर्व्हरवर डीएलएल नेणाऱ्याने ती कॉपी केली, रेगसर्व्हर३२ चालवले आणि नोंदणी यशस्वी झाल्याची खिडकी पाहून काम पूर्ण मानले. घटक खरोखरच तयार होतो, आवृत्तीची पद्धतही उत्तर देते. मात्र ॲक्टिव्हेट एकदाही चालत नाही, रिस्पॉन्सचे व्हेरिएबल रिकामे राहते आणि पहिल्या लिखाणाला त्रुटी ९१ येते. कोड वाचणाऱ्याला त्यात काहीच वावगे दिसत नाही, कारण कोडमध्ये वावगे काही नाहीच.

खातरजमा अशी करावी. ॲक्टिव्हेटमध्ये आणि बिघडणाऱ्या पद्धतीच्या पहिल्या ओळीवर ॲप.लॉगइव्हेंटने एकेक वाक्य लिहावे, डीएलएल कंपाइल करावी, पान उघडावे आणि इव्हेंट व्ह्यूअरच्या ॲप्लिकेशन लॉगमध्ये व्हीबीरनटाइम या स्रोताच्या नोंदी पाहाव्यात. फक्त दुसरे वाक्य दिसले तर निदान पक्के झाले. सोर्स कोड हाताशी नसेल तर जुना सर्व्हर बंद करण्यापूर्वी तेथील कॉम्पोनंट सर्व्हिसेसमध्ये हा घटक दिसतो का ते पाहावे. जुना सर्व्हर आठवडाभर तरी पुसू नये असे मी सर्वांना सांगतो, ते याचसाठी.

उपाय दोन आहेत. घटक नव्या सर्व्हरवरही कॉम प्लस ॲप्लिकेशनमध्ये बसवावा. तसे करताना ॲप्लिकेशन लायब्ररी प्रकारचे करावे, म्हणजे घटक आयआयएसच्याच वर्कर प्रोसेसमध्ये चालतो. सर्व्हर प्रकार निवडल्यास तो डीएलएलहोस्ट या वेगळ्या प्रोसेसमध्ये जातो आणि रिस्पॉन्सवरची प्रत्येक ओळ दोन प्रोसेसची सीमा ओलांडून लिहावी लागते. ६४ बिट पूल न बदलता ३२ बिट डीएलएल चालवण्यासाठी काही जण मुद्दाम सर्व्हर प्रकार निवडतात. रिस्पॉन्स वापरणाऱ्या घटकासाठी ती वाट धरू नये. घटकाच्या प्रॉपर्टीजमध्ये आयआयएसची अंगभूत ऑब्जेक्ट मिळू देण्याचा जो पर्याय आहे तोही चालू करावा. हा पर्याय प्रत्येक घटकासाठी वेगळा असतो, त्यामुळे एका डीएलएलमध्ये सहा क्लास असतील तर सहाही ठिकाणी तो पाहावा लागतो.

दुसरा उपाय मला अधिक पटतो, पण त्यासाठी सोर्स कोड हवा. व्यवहारांसाठी कॉम प्लसची गरज नसेल तर ॲक्टिव्हेटवर विसंबून राहणे सोडून द्यावे आणि ज्या पद्धतीला रिस्पॉन्स हवा तिनेच सुरुवातीला गेटऑब्जेक्टकॉन्टेक्स्ट बोलावून तो मागावा. विंडोज २००० पासून पानाचा स्वतःचा कॉन्टेक्स्ट असतो आणि नुसत्या नोंदवलेल्या अपार्टमेंट घटकाला तो मिळतो. त्याच डीएलएलमधील एखादा सहायक क्लास न्यू या शब्दाने तयार केला जात असेल तर त्यातही हाच बदल करावा, कारण न्यूने तयार झालेल्या क्लासची ॲक्टिव्हेट कॉम प्लसमध्ये बसवूनही चालत नाही. व्हीबी त्याला आपल्या आतल्या आत निर्माण करते आणि कॉम प्लसला त्याची वार्ताही नसते.

थ्रेडिंग आणि कंपाइलचे पर्याय

प्रत्येक पद्धतीत मागूनही कॉन्टेक्स्ट मिळत नसेल तर प्रोजेक्टच्या प्रॉपर्टीज उघडाव्यात. थ्रेडिंग मॉडेल अपार्टमेंट असले पाहिजे. ते सिंगल असेल तर घटक पानाच्या थ्रेडवर न बनता प्रोसेसच्या मुख्य थ्रेडवर बनतो आणि पानाचा कॉन्टेक्स्ट मागेच राहतो. आयआयएसच्या एएसपी सेटिंगमध्ये पाने एमटीएमध्ये, म्हणजे अनेक थ्रेडनी सामायिक वापरायच्या अपार्टमेंटमध्ये, चालवण्याचा पर्याय असतो, तो बंदच असावा. चालू असल्यास अपार्टमेंट घटकाचीही तीच गत होते.

त्याच खिडकीत अनअटेंडेड एक्झिक्युशन चालू करावे. पान नुसते फिरत राहण्याचे कारण बहुधा कोडमध्ये विसरून राहिलेला मेसेज बॉक्स असतो. सर्व्हरवर ती खिडकी कुणाला दिसत नाही, तिचे बटण दाबायला कुणी नसते आणि थ्रेड तिथेच अडकतो. हा पर्याय चालू असला की मजकूर इव्हेंट लॉगमध्ये जातो आणि काम पुढे सरकते.

डीएलएल कंपाइल केल्यानंतरच बिघाड सुरू झाला असेल तर कंपॅटिबिलिटी, म्हणजे जुन्या डीएलएलशी सुसंगती, पाहावी. बायनरी कंपॅटिबिलिटी नसेल तर क्लासचे ओळख क्रमांक बदलू शकतात. कॉम प्लसमध्ये मात्र जुनेच क्रमांक नोंदलेले राहतात आणि त्रुटी ४२९ किंवा ४३० येते. शेवटच्या चालू डीएलएलची एक प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून कंपॅटिबिलिटी तिच्याशी जोडावी, आणि बदललेला घटक कॉम प्लसमधून काढून पुन्हा बसवावा. जुनी फाइल बदलता येत नसेल तर ती वर्कर प्रोसेसने धरून ठेवलेली असते; पूल थांबवावा, फाइल बदलावी आणि पूल सुरू करावा. त्यासाठी पूर्ण सर्व्हर रीस्टार्ट करण्याचे कारण नाही.

सर्वांत कष्टाचा, पण टिकाऊ उपाय

सोर्स कोड आपल्या ताब्यात असेल आणि हा बिघाड दुसऱ्यांदा आला असेल, तर घटकाचे वेब सर्व्हरवरचे अवलंबन काढून टाकावे असे माझे स्पष्ट मत आहे. पानाने सेशनमधून नाव वाचावे आणि ते पद्धतीला आर्ग्युमेंट म्हणून द्यावे. घटकाने तयार मजकूर परत करावा. रिस्पॉन्सवर तो पानाने लिहावा. मग कॉन्टेक्स्ट कुठे तुटतो हा प्रश्नच उरत नाही, आणि तीच डीएलएल पान न उघडता, साध्या चाचणी प्रोग्राममधून तपासता येते.

अहवाल फार मोठे असतील आणि सगळा मजकूर मेमरीत जोडणे परवडत नसेल, तर रिस्पॉन्स हे ऑब्जेक्टच पानाने आर्ग्युमेंट म्हणून द्यावे. घटक त्याच प्रोसेसमध्ये असेपर्यंत हे निर्धोकपणे चालते. एक-दोन पद्धतींपासून सुरुवात करावी. चाळीस पद्धती एका आठवड्यात बदलण्याचा घाट घालू नये, कारण प्रत्येक नव्या आर्ग्युमेंटबरोबर क्लासचा इंटरफेस बदलतो आणि कंपॅटिबिलिटीची वरची काळजी पुन्हा घ्यावी लागते. जुनी पद्धत तशीच ठेवून शेजारी नवीन पद्धत लिहिणे हा त्यातल्या त्यात सुरक्षित मार्ग आहे.

कुठे थांबावे

काही ठिकाणी स्वतः प्रयत्न करत राहण्याने नुकसान वाढते. डीएलएलचा सोर्स कोड हरवलेला असेल आणि वरच्या सेटिंगांनी काम झाले नसेल तर थांबावे. डीएलएल उलगडून कोड परत मिळवण्याची साधने वापरून बनवलेली प्रत हिशोबाच्या कामावर चालवू नये. घटक कॉम प्लसच्या व्यवहारांत भाग घेत असेल, म्हणजे पैशांच्या दोन नोंदी एकत्र पक्क्या किंवा एकत्र रद्द व्हायच्या असतील, तर त्याचे कॉम प्लसमधील सेटिंग अंदाजाने बदलू नये; बिघाड लगेच दिसणार नाही आणि अर्धवट नोंदी मात्र साठत जातील.

वर्कर प्रोसेसच कोसळत असेल तर तो वेगळा आजार आहे. पाच मिनिटांत पाच वेळा प्रोसेस कोसळली की आयआयएस आपल्या मूळ सेटिंगनुसार पूल बंद करते आणि सर्व वापरकर्त्यांना ५०३ दिसू लागते. ही मर्यादा वाढवून कोसळणे झाकू नये. तेथे मेमरी डंप (प्रोसेसच्या मेमरीची प्रत) घेऊन वाचणारा, कॉम हे घटकांचे तंत्र जाणणारा माणूसच हवा.

आणि सर्व्हरच जुना असेल, तर दुरुस्तीचा खर्च करण्यापूर्वी व्यवस्थापनाशी बोलावे. विंडोज सर्व्हर २००३ चा आधार जुलै २०१५ मध्ये संपला, २००८ आणि २००८ आर२ चा जानेवारी २०२० मध्ये, आणि २०१२ व २०१२ आर२ चा ऑक्टोबर २०२३ मध्ये. त्याच ऑक्टोबरमध्ये, बहुतेक एएसपी पाने ज्या व्हीबीस्क्रिप्टमध्ये लिहिलेली असतात, ती विंडोजमधून टप्प्याटप्प्याने काढली जाणार असल्याचेही मायक्रोसॉफ्टने जाहीर केले.

तज्ज्ञाला बोलावताना त्याच्या हाती पुढील गोष्टी द्याव्यात: आयआयएस लॉगमधील त्रुटीची ओळ, पूलच्या सेटिंगचे चित्र, कॉम्पोनंट सर्व्हिसेसमध्ये घटक आहे की नाही आणि असल्यास लायब्ररी की सर्व्हर, डीएलएलचा आवृत्ती क्रमांक व तारीख, शेवटची चालू डीएलएल, आणि बिघाड सुरू होण्याआधी सर्व्हरवर काय बदलले याची तारखेसह नोंद.